पिशवीतला कोरडा खाऊ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसाचे बारा-तेरा तास घराबाहेर काढणाऱ्यांसाठी हे पान आहे. लोकलने जाणारे, एसटीने तालुक्याला ये-जा करणारे, बाइकवर फिरतीची नोकरी करणारे, रात्रपाळीच्या नर्स, कॉलेज सुटलं की क्लास गाठणारी मुलं. जेवणाच्या डब्याबद्दल इथे काही सांगितलेलं नाही. सकाळी अकराच्या सुमारास आणि संध्याकाळी सहा वाजता पोटात जो खड्डा पडतो, त्यापुरतंच हे आहे.

कोरडा खाऊ नक्की कशाला म्हणायचं?

पिशवीत टाकला, विसरला आणि दुसऱ्या दिवशी सापडला तरी खाता येतो तो. तो सांडला तरी डाग पडत नाही, गरम करावा लागत नाही, चमचा लागत नाही आणि पाच मिनिटांत संपतो. तेलाने माखलेला नसावा, कारण हात धुवायला पाणी मिळेलच असं नाही. या कसोटीला समोसा बसत नाही, इडली-चटणी बसत नाही, कांदेपोहे तर नाहीतच.

आणि एक गोष्ट आधीच ठरवून टाका: काय खायचं यापेक्षा कुठे खायचं. टेबलाशी बसून खायला जे उत्तम, ते गर्दीत एका हाताने दांडा धरून खाता येत नाही. खाऊ घरून नेला आणि तसाच परत आला, असं वारंवार होत असेल तर बहुतेक वेळा गडबड याच जागी असते.

लोकलमध्ये उभ्यानेच जावं लागतं. अशा वेळी काय नेता येईल?

एका घासात तोंडात जाईल असं काहीही. राजगिऱ्याचा छोटा लाडू, खजूर, चिक्कीचा तुकडा, फुटाणे, बेदाणे. खजुराच्या बिया घरीच काढून ठेवा, नाहीतर बी हातात धरून तुम्हाला घाटकोपर ते ठाणे उभं राहावं लागेल. बी काढलेल्या जागी अर्धा बदाम किंवा अक्रोडाचा तुकडा भरला तर तीन खजुरांत भूक बऱ्यापैकी भागते. रमजानात रोजा गाडीतच सोडायची वेळ येते तेव्हा निम्मा डबा डब्या उघडून एकमेकांना खजूर देत असतो. खजूर लोकलसाठी किती सोयीचा आहे, ते तेव्हा कळतं.

चिवडा उभ्याने खाऊ नये. निम्मा खाली बसलेल्याच्या डोक्यावर जातो. लसणाची चटणी लावलेलं काहीही बंद डब्यात उघडू नये, विशेषतः एसी लोकलमध्ये. खारे दाणे ठीक, पण सालांसकट शेंगा आणल्यात तर टरफलं परत पिशवीत घालायची तयारी ठेवा.

नुसते फुटाणे आणि शेंगदाणे पुरतात का? किती खायचे?

पुरतात, आणि बऱ्याच महागड्या पाकिटांपेक्षा जास्त पुरतात. १०० ग्रॅम फुटाण्यांत साधारण २० ते २२ ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यांत २५ च्या आसपास. फरक स्निग्धांशात आहे. शेंगदाण्याचं निम्मं वजन तेलाचंच. त्यामुळे मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांतून १७० कॅलरी मिळतात, तेवढ्याच फुटाण्यांतून ११० च्या आसपास.

दोन्ही मिसळा. दोन मुठी फुटाणे, एक मूठ शेंगदाणे, थोडे बेदाणे. बेदाणे सांगली-तासगावकडचे असतील तर उत्तम. फुटाणे सालांसकट घ्या, पोटाला बरे. पंढरपुरी डाळं चवीला छान असतं, पण साल नसल्याने तंतू कमी आणि ते पटापट खाल्लंही जास्त जातं.

कोरडं खाताना पाणी हवंच. फुटाणे खाऊन तासभर पाणी मिळालं नाही तर भूक परवडली असं वाटतं.

घरी केलेला चिवडा दोन दिवसांत मऊ पडतो. काय चुकतं?

हा या पानावरचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. पातळ पोह्यांचा चिवडा मऊ पडतो तो बहुतेक वेळा पोह्यांमुळे नाही, फोडणीतल्या पाण्यामुळे.

पोहे आधी चाळून घ्या. मग ऊन असेल तर दोन-तीन तास कापडावर पसरून ठेवा. नसेल तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर, थोडे थोडे करून भाजा. दोन बोटांत दाबल्यावर पोह्याचा चुरा झाला पाहिजे, तो नुसता वाकता कामा नये. मोठ्या आचेवर पोहे आक्रसतात, मग तो चिवडा कितीही भाजला तरी चिवटच लागतो.

खरी जागा पुढे आहे. अर्धा किलो पोह्यांना पाऊण वाटी तेल घ्या. त्यात आधी शेंगदाणे तळून काढा, मग खोबऱ्याचे काप, मग डाळं. हिरव्या मिरचीचे तुकडे आणि कढीलिंब शेवटी तेलात सोडा आणि तिथेच थांबा. तडतड पूर्ण थांबेपर्यंत, पान हातात घेतल्यावर काचेसारखं मोडेपर्यंत. कढीलिंब धुऊन लगेच तेलात टाकणारे आणि मिरची हिरवीगार असतानाच गॅस बंद करणारे, अशा दोघांचाही चिवडा तिसऱ्या दिवशी मऊ पडतो. मिरचीतलं ते उरलेलं पाणी हळूहळू सगळ्या डब्यात पसरतं. घाई असेल तर हिरव्या मिरचीचा नाद सोडा आणि लाल तिखट किंवा सुक्या मिरच्या वापरा.

मग मोहरी, हिंग, हळद, गॅस बंद. मीठ आणि पिठीसाखर फोडणी कोमट झाल्यावर घाला. पोहे घालून दोन्ही हातांनी वरखाली करा. परातीत पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डब्यात भरा. कोमट चिवड्यावर झाकण लावलं की झाकणाला आतून घाम येतो, आणि तो घाम परत चिवड्यातच पडतो.

चिवडा की भडंग?

रोजच्यासाठी भडंग. सांगली, जयसिंगपूर, कोल्हापूर या पट्ट्यात चुरमुऱ्यांना लसूण, तिखट आणि शेंगदाण्यांची झणझणीत फोडणी देऊन करतात तो. चुरमुरे मुळात फुलवलेले असल्याने भाजायला वेळ लागत नाही, तेल कमी लागतं, आणि पंधरा मिनिटांत आठवड्याची सोय होते. लसूण मात्र ठेचून तेलात पार तांबूस होऊ द्या.

तोटा एवढाच की चुरमुरे हलके असल्याने डबा भरलेला दिसतो आणि पोट भरत नाही. म्हणून शेंगदाणे आणि डाळं हात सैल सोडून घाला.

दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या किती दिवस टिकतात?

हवेवर अवलंबून आहे. थंडीत दशमी दोन दिवस, कधी तीनही, मऊ राहते. एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवावी. पावसाळ्यात आदल्या रात्री केलेली दुसऱ्या संध्याकाळपर्यंत, त्यापुढे वास घेऊन बघायची वेळ येऊ देऊ नये.

दशमीसाठी गूळ कोमट दुधात विरघळवून घ्यायचा. दूध कडकडीत गरम असेल तर गुळाने फाटतं. त्यात मावेल तेवढी कणीक, चिमूटभर मीठ, चमचाभर गरम तुपाचं मोहन, हवी तर वेलची. पाणी अजिबात नाही. पोळीपेक्षा जाड लाटायची आणि मध्यम आचेवर दोन्हीकडून तूप सोडून भाजायची. गुळामुळे पटकन करपते, म्हणून तव्यापासून लांब जायचं नाही. हिला सोबत काही लागत नाही. चतकोर मोडून घडी करून खाल्ली की झालं. दशमीपेक्षा सोपा प्रवासी पदार्थ महाराष्ट्रात दुसरा नाही, असं माझं मत आहे, आणि हल्ली ती फार थोड्या घरांत होते याचं वाईट वाटतं.

मराठवाड्याकडचे धपाटे ज्वारी, बेसन आणि थोड्या कणकेचे, लसूण-तिखट-ओवा घालून दह्यात भिजवलेले. दह्यामुळे मऊ राहतात, पण दुसऱ्या दिवशी आंबटसर होतात. काहींना तेच आवडतं. कांदा किंवा मेथी घातली असेल तर त्याच दिवशी संपवा.

तिखटमिठाच्या पुऱ्यांचं पीठ घट्ट भिजवा. सैल पिठाच्या पुऱ्या तेल पितात आणि कागदातून बॅगेला लागतात. गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, हे इथेही लागू.

सोलापूरची कडक भाकरी ऑफिसात चालते का?

ऑफिसात चालते, प्रवासात नाही. ज्वारीची किंवा बाजरीची, तीळ लावलेली, पापडासारखी पातळ आणि पूर्ण वाळवलेली ही भाकरी घट्ट डब्यात कितीतरी आठवडे राहते. टेबलाच्या खणात एक पाकीट आणि शेंगाचटणीची छोटी बाटली ठेवली की संध्याकाळचा प्रश्न मिटतो. शेंगाचटणी मिक्सरमधली कोरडी भुकटी नको. उखळात किंवा खलबत्त्यात शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं असं कुटत राहायचं, दाण्याला तेल सुटून गोळा होईपर्यंत. मिक्सरच वापरायचा असेल तर थांबून थांबून फिरवा. भाकरी मोडताना आवाज होतो आणि तुकडे उडतात, म्हणून मीटिंग चालू असताना पाकिटाला हात लावू नका.

राजगिऱ्याचा लाडू, चिक्की यांत गूळ असतो, म्हणजे ते आरोग्याला चांगले ना?

गूळ म्हणजे बहुतांश साखरच. थोडी खनिजं जास्त, चव खमंग, पण कॅलरी जवळपास तेवढ्याच. म्हणून "गुळाचं आहे" म्हणून चार लाडू खाणं बरोबर नाही.

चांगला आहे तो राजगिरा. लाह्या फुलवलेल्या असल्यामुळे एका लाडवात वजन फारसं नसतं, आपोआप बेतानेच खाल्लं जातं. शेंगदाण्याची चिक्की जास्त भरीव. एक वडी खाल्ली की तासभर तरी भूक लागत नाही. लोणावळ्याला गाडी थांबली की पाकिटं घेतली जातातच, पण घरी करायलाही अवघड नाही. गुळाचा पाक पाण्यात थेंब टाकल्यावर कडक होऊन टणकन वाजला पाहिजे. त्या आधी उतरवला तर चिक्की दाताला चिकटते. उन्हाळ्यात कागदालाही चिकटते, तेव्हा वड्यांच्या मधे बटर पेपर घाला.

सातूचं पीठ ऑफिसात कसं खायचं?

छोट्या बरणीत चार चमचे पीठ आणि दोन चमचे किसलेला गूळ घरूनच मिसळून न्या. खायच्या वेळी पाणी किंवा पँट्रीतलं दूध घालून कालवा, झाकण लावून हलवा, दोन मिनिटं थांबा. झालं. भाजलेले गहू, डाळं, जिरं, सुंठ, वेलची असं आपल्याकडचं सातू. बिहारकडचं सत्तू नुसत्या हरभऱ्याचं असतं, ते मीठ, लिंबू, कांदा घालून पितात. उन्हाळ्यात फिरतीवर असाल तर तेही फार छान. बाटलीत पाणी, दोन चमचे सत्तू, मीठ, लिंबू. साइटवर काम करणाऱ्या माणसाला यापेक्षा स्वस्त आणि सोयीचं काही सुचवता येणार नाही.

या प्रकाराला चमचा किंवा पेला लागतो, म्हणून काटेकोर बघितलं तर तो आमच्या कसोटीला बसत नाही. पण सातूला सूट आहे.

नाचणीचे लाडू तोंडात चिकटतात. तसे होऊ नयेत म्हणून?

पीठ कच्चं राहतं, एवढंच कारण. दोन वाट्या नाचणीच्या पिठाला पाऊण वाटी तूप घ्या. त्यातल्या अर्ध्या तुपावर मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं भाजा, उरलेलं तूप मधे मधे सोडत जा. नाचणीचा रंग मुळातच गडद, त्यामुळे रंगावरून भाजल्याचं कळत नाही. वासावर जा, आणि चिमूटभर जिभेवर ठेवून बघा: टाळ्याला चिकटलं तर अजून पाच मिनिटं. गॅस बंद करून मिश्रण कोमट झालं की एक वाटी बारीक चिरलेला गूळ, अर्धी वाटी दाण्याचं कूट, थोडे भाजलेले तीळ. गरम असताना गूळ घातला तर तो वितळून पुढे लाडू दगड होतात.

१०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदूळ-गव्हापेक्षा कितीतरी पट. लाडू लहान वळा, लिंबाएवढे.

फळं का सांगत नाही?

सांगते की. पेरू, चिकू, बोरं, संत्रं, सफरचंद सगळं न्या. पण पिशवीत तळाला गेलेल्या केळ्याचं काय होतं हे प्रत्येकाला माहीत आहे. केळं न्यायचंच असेल तर ताठ, थोडं हिरवट देठाचं न्या, आणि डब्यात नाही तर बॅगेच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा. सोललेलं संत्रं गाडीत नको, वास आवडणारे असतात तितकेच न आवडणारेही. कापलेली फळं मात्र दोन तासांपेक्षा जास्त वेळ उष्ण हवेत ठेवू नयेत.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे: वसईची सुकेळी. राजेळी केळी पिकली की सोलून उन्हात वाळवतात. ती तपकिरी, चकचकीत आणि चिवट होतात, नुसती बघितली तर काही विशेष वाटत नाही. दाताखाली आली की आत मधासारखी गोडी, आणि ती साखर न घालता. एक सुकेळं अर्धा तास पुरतं, कारण ते चावायलाच वेळ लागतो. करणारी घरं आता मोजकी आहेत, दर चढे असतात, पण वसई-आगाशीकडे कोणी ओळखीचं असेल तर हंगामात सांगून ठेवा.

कोकणातली आंबापोळी आणि फणसपोळीही याच जातीची. घेताना वर साखर घातलेली आहे की नुसत्या रसाची, ते विचारा.

बिस्किटं, खाकरा, एनर्जी बार?

खाकरा चांगला, गव्हाचा आणि कोरडा. फक्त बॅगेत चपटा डबा लागतो, नाहीतर चुरा खावा लागतो. बिस्किटं चहाबरोबर खा, भुकेसाठी नको. मैदा आणि साखर, तासाभरात पुन्हा भूक.

बार घेताना मागची यादी वाचा. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिल्या तीन नावांत साखर, ग्लुकोज सिरप, पाम तेल यांपैकी दोन असतील तर ती चिक्कीच आहे, फक्त महाग. "रिफाइंड व्हीट फ्लोअर" लिहिलं असेल तर तो मैदा.

वडापाव?

गरम असताना, गाडीच्या समोर उभं राहून. पिशवीत घालून न्यायचा पदार्थ नाही तो.

उपवासाच्या दिवशी काय न्यावं?

साबुदाण्याची खिचडी डब्यात गारठते आणि तिचा गोळा होतो, शिवाय तुपाचा हात. त्यापेक्षा दाण्याचा लाडू. भाजलेले, सोललेले शेंगदाणे आणि गूळ मिक्सरला फिरवायचे, दाण्याचं तेल सुटतं तेवढ्यावरच लाडू वळतात, तूपही लागत नाही. दहा मिनिटांचं काम. सोबत राजगिऱ्याची वडी, खजूर, एखादं फळ.

बटाट्याचा चिवडा विकतचा असतो तो खारट आणि तळकट. उपवासाला दिवसभर तेवढ्यावर राहिलं तर संध्याकाळी जळजळ होणारच.

लहान मुलांच्या छोट्या सुट्टीच्या डब्यात यातलं काय चालेल?

मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खे काजू-बदाम देऊ नका. हे पदार्थ श्वासनलिकेत अडकतात, आणि धावत-हसत खाणाऱ्या मुलांत तर सहज. त्या वयाला दाण्याच्या कुटाचा लाडू, नाचणीचा लाडू, दशमीचे तुकडे. कडक चिक्कीही नको.

मोठ्या मुलांना काहीही द्या, पण शाळेला विचारून. वर्गात कोणाला शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर शाळा तो डब्यात आणू देत नाही, आणि ते योग्यच आहे. वाटून खायची सवय असलेल्या मुलांना हे घरीच समजावून सांगितलेलं बरं.

मधुमेह असेल तर?

फुटाणे, शेंगदाणे, कडक ज्वारीची भाकरी, उकडलेलं अंडं (सकाळी उकडलेलं अंडं उन्हाळ्यात दुपारपर्यंत ठेवू नका), काकडी. गुळाचे लाडू, खजूर, सुकेळी बेताने आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या हिशेबात.

पण इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर एक वेगळी पुडी कायम जवळ ठेवा: १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे. घाम सुटला, हात थरथरले, डोकं हलकं झालं तर त्या वेळी फुटाणे उपयोगाचे नाहीत, त्यांची साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. चिक्कीही नाही, शेंगदाण्याच्या तेलामुळे तीही सावकाश पचते. आधी साखर, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं की मग फुटाणे.

शेंगदाणे खवट आणि शेंगदाणे कडू, यांत फरक आहे का?

आहे, आणि तो माहीत असायला हवा. खवट म्हणजे तेल जुनं झालं. उजेड, हवा आणि उष्णता लागली की दाण्यातलं, तिळातलं, खोबऱ्यातलं तेल बिघडतं. कूट करून ठेवलं तर आणखी लवकर. म्हणून कूट आठवड्यापुरतंच करा किंवा फ्रिजात ठेवा. खवट लाडवाने लगेच काही होत नाही, पण चव जाते.

कडू, काळपट, सुरकुतलेला किंवा बुरशीचा दाणा ही वेगळी गोष्ट. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, ते यकृताला घातक आहे, आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. तेव्हा "भाजून घेऊ, चालेल" असं करू नका. भाजायच्या आधी दाणे ताटात पसरून निवडा, आणि खाताना एखादा कडू लागला तर गिळू नका, थुंकून टाका.

कशात न्यायचं? कागदाची पुडी चालते का?

वर्तमानपत्राच्या कागदात नको. छपाईची शाई तेलकट पदार्थाला लागते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१६ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. पुडी सुटसुटीत असते, मान्य, पण मग साधा कोरा कागद वापरा.

रोजच्या वापराला स्टीलची चपटी डबी सगळ्यात बरी. दोन छोट्या डब्या ठेवा, एक तिखट, एक गोड. एकाच डबीत चिवडा आणि लाडू ठेवले की लाडवाला हिंगाचा वास आणि चिवड्याला तूप. मोठा डबा भरून नेऊ नका. उघडला की संपेपर्यंत हात थांबत नाही, आणि उघडझाक होऊन खाऊही मऊ पडतो.

पावसाळ्यात सगळंच सादळतं.

सादळतंच. जून ते सप्टेंबर चुरमुरे-पोह्यांवर फार भिस्त ठेवू नका. त्या दिवसांत लाडू, खजूर, फुटाणे, दशम्या. सादळलेला चिवडा फेकायचा नसतो. कढईत मंद आचेवर पाच मिनिटं परतला की पुन्हा कुरकुरीत होतो, पण गार झाल्यावरच भरा, आणि त्याच दिवशी संपवा.

विमानातून नेता येतं का?

लाडू, चिवडा, चिक्की, दशम्या, भाकरी यांना हातातल्या बॅगेत सहसा अडचण येत नाही. ओलसर पदार्थांना येते. आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक विमानतळांवर चटणी, तूप, लोणचं हे द्रवात धरतात, म्हणजे १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली हातात नेता येत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरीच ठेवा. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात त्याला बंदी आहे. आईने पिशवीत प्रेमाने घातलेली खोबऱ्याची वाटी सुरक्षा तपासणीत काढून ठेवली जाते ती यामुळेच.

परदेशात उतरल्यावर खाऊ अर्जावर जाहीर करा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका याबाबतीत कडक आहेत. लाडू दाखवले तर बहुधा जाऊ देतात, लपवले आणि सापडले तर दंड बसतो.

हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा?

सगळं करायचंच नाही. आठवड्याला एक तिखट आणि एक गोड. एका रविवारी भडंग आणि दाण्याचे लाडू, पुढच्या रविवारी चिवडा आणि नाचणी. फुटाणे, खजूर, बेदाणे विकत. दशमी करायची ती बुधवारी रात्री, पोळ्यांची कणीक मळलेली असतानाच, कारण तोपर्यंत डब्या रिकाम्या झालेल्या असतात. घरात दोघं कमावती असतील तर लाडू वळायला दोघांनी बसावं. दाण्याचा लाडू कोणालाही जमतो, त्यासाठी सुगरण असावं लागत नाही.

बचत गटांच्या बायका लाडू, भडंग, कडक भाकरी फार चांगल्या करून देतात. विकत घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त केल्याची तारीख विचारा.

ऑफिसात डबी उघडली की सगळे येतात आणि मला उरतच नाही!

दोन डब्या न्या. भडंगाची मोठी टेबलावर ठेवा, लाडवाची छोटी खणात.